ना तार, ना फुंक : फ्रेंच रॅपमधल्या इस्लामची पार्श्वभूमी

2001 साली फ्रेंच रॅपर केरी जेम्सचा पहिला एकल अल्बम आला. त्यात गिटार नव्हती, व्हायोलिन नव्हतं, ट्रम्पेट नव्हता. होती ती फक्त तालवाद्यं आणि माणसांचे आवाज. केरीने नुकताच इस्लाम स्वीकारला होता, आणि तारेची नि फुंकेची वाद्यं धर्मात बसत नाहीत हे मत त्याने मनावर घेतलं होतं. डफ चालतो, बाकीचं नाही, हा वाद इस्लामी धर्मशास्त्रात शेकडो वर्षं चालू आहे आणि त्यात सगळे विद्वान कधीच एका बाजूला नव्हते. (डफ आपल्या शाहिरांच्याही हातात असतो, आणि 'शाहीर' हा शब्दच मुळी अरबी 'शाइर'वरून आलेला. असो.) 1999 साली जवळचा मित्र मारला गेल्यावर केरीने संगीत जवळपास सोडलंच होतं. पुन्हा माइक धरला तो या अटीवर.

आता गंमत अशी, की केरीचे आईवडील हैतीचे आणि त्याचा जन्म ग्वादलूपचा. घरात इस्लामचा मागमूस नाही. मग तो त्याच्यापर्यंत पोचला कुठून? तो वाढला त्या पॅरिसजवळच्या ऑर्लीतल्या इमारतींमधून, शेजारपाजारातून. फ्रेंच रॅपमधला इस्लाम समजून घ्यायचा तर वंशावळ बघून भागत नाही, वस्ती बघावी लागते.

या वस्त्या उभ्या राहिल्या दुसऱ्या महायुद्धानंतर. कारखान्यांना आणि बांधकामांना हात हवे होते. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि पश्चिम आफ्रिकेतून मजूर आले, आणि शहरांच्या कडेला सरकारी भाड्याच्या टोलेजंग इमारती उठल्या. 1974 मध्ये सरकारने नवी मजूरभरती थांबवली. त्यानंतर 1976 मध्ये कुटुंबं आणण्यासाठी रीतसर नियम झाले. एकटे राहणारे पुरुष संसारी झाले, आणि त्यांची मुलं फ्रेंच शाळेत शिकून फ्रेंच म्हणूनच मोठी झाली. ल्यों शहराजवळच्या एका वस्तीत पोलिसांच्या गोळीने तरुण जखमी झाला, तेव्हा याच पिढीतली काही मुलं 15 ऑक्टोबर 1983 ला मार्सेयहून समतेसाठी पायी निघाली. 3 डिसेंबरला पॅरिसमध्ये पोचेपर्यंत मोर्चा सुमारे एक लाखाचा झाला होता.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1984 मध्ये, टीएफ-1 वाहिनीवर सिडनी नावाच्या कृष्णवर्णीय निवेदकाचा हिपहॉपचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. तो वर्षभरही टिकला नाही, पण मुलांनी जमिनीवर पुठ्ठे अंथरून गिरक्या घ्यायला सुरुवात केली होती.

खरी कलाटणी मात्र कायद्याने दिली, आणि तीही नकळत. इंग्रजी गाण्यांच्या लोंढ्यापासून फ्रेंच वाचवायची म्हणून 1 जानेवारी 1996 पासून रेडिओवर किमान 40 टक्के गाणी फ्रेंचमधली असण्याची सक्ती झाली, त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीची. स्कायरॉकसारख्या स्टेशनने सरळ रॅपकडे मोर्चा वळवला. म्हणजे भाषाशुद्धीच्या कायद्याचा सर्वात मोठा लाभ झाला तो 'वल्ला' (अल्लाशपथ) आणि 'ब्लेद' म्हणणाऱ्या पोरांना. आवडणं या अर्थाचं त्यांचं 'किफे' हे क्रियापद तर अरबी 'कैफ'वरून आलेलं. आपल्याकडे तोच शब्द नशेला चिकटला.

'ब्लेद' म्हणजे गावाकडचा मुलूख. 1999 मध्ये वित्री उपनगरातल्या '113' या त्रिकुटाने उन्हाळ्याच्या सुटीत अल्जीरियाला जाणाऱ्या मोटारीवर गाणं केलं. टपावर सामानाचा डोंगर, आत खच्चून भरलेलं घरदार, मग बोट. पुढच्या वर्षी राष्ट्रीय संगीत पुरस्कारांच्या मंचावर हे तिघं अवतरले तेच पूजो 504 गाडीतून. त्या गाण्यात धर्माचा उपदेश नाही. इस्लाम आहे तो काकामावश्यांच्या घरात असतो तसा, गृहीत धरलेला.

धर्मांतरितांचं तसं नाही. त्यांना तो शोधावा लागला, त्यामुळे त्यांच्या ओळींत तो जास्त बोलतो. मार्सेयच्या 'आयएएम' गटाचा आखेनातोन इटालियन वंशाचा. स्ट्रासबर्गच्या नॉयहोफ वस्तीत वाढलेला अब्द अल मलिक काँगोच्या कुटुंबातला, कॅथलिक संस्कारांचा. आधी कडव्या प्रचारकांबरोबर फिरला, मग मोरोक्कोतल्या बुतशिशी सूफी परंपरेत स्थिरावला. त्याचा 2006 चा 'जिब्राल्टार' ऐकला की हा फरक कानाला जाणवतो, आवाज चढवायची गरजच संपलेली असते. रॅपर दियाम्स सायप्रसमध्ये जन्मलेली. 2006 मध्ये ती लोकप्रियतेच्या शिखरावर होती. 2009 मध्ये बुरख्यासारख्या वेशातला तिचा फोटो एका साप्ताहिकाने छापला आणि देशभर चर्चा उसळली. सरकारी शाळांत हिजाबवर बंदी येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. 2012 मध्ये तिने संगीताला रामराम ठोकला.

फ्रान्समध्ये जनगणना धर्म विचारत नाही. 'मुस्लिम रॅपर' हा शिक्का मारतात ती वर्तमानपत्रं आणि राजकारणी. या वस्त्यांमधल्या 2005 च्या दंगलींनंतर सुमारे 200 संसद सदस्यांनी काही रॅपरांवर कारवाई मागितली. त्याआधीच 'ला र्‍युमर' गटाच्या आमे या रॅपरवर पोलिसांविषयीच्या एका लेखासाठी गृहखात्याने खटला भरला होता. तो 2010 मध्ये सुटला, आठ वर्षांनी.

सर्वात जास्त ओढाताण झाली ती ल हाव्र बंदरातल्या मेदीनची. हा अल्जीरियन वंशाचा. 2005 च्या अल्बमचं नाव 'जिहाद', आणि मुखपृष्ठावरच खुलासा : सर्वात मोठी लढाई स्वतःशीच असते. खुलासा वाचायला मात्र फारसं कोणी थांबलं नाही. जानेवारी 2015 च्या पहिल्याच दिवशी त्याने धर्मनिरपेक्षतेच्या फ्रेंच अर्थावर झोंबरं गाणं काढलं, आणि 7 तारखेला 'शार्ली एब्दो' या व्यंगचित्र साप्ताहिकावर हल्ला झाला. आपण जरा वाहवलो, हे त्याने पुढे कबूलही केलं. 2018 मध्ये त्याचे कार्यक्रम ठरले ते बाताक्लॉं सभागृहात, जिथे 13 नोव्हेंबर 2015 ला अतिरेक्यांनी 90 जणांचा जीव घेतला होता. उजव्या पक्षांनी आणि काही मृतांच्या नातेवाइकांनी विरोध केला, आणि कार्यक्रम दुसरीकडे हलले. नातेवाइकांचं दुःख खरं होतं. राजकारण्यांना त्याचं किती पडलं होतं, हा वेगळा प्रश्न.

केरी जेम्सकडे मात्र वाद्यं परतली. इस्लाम न सोडता. 2008 च्या अल्बमच्या शीर्षकगीतात त्याच्यासोबत गायला तो ज्येष्ठ फ्रेंच गायक शार्ल अझनावूर, आर्मेनियन निर्वासितांचा 83 वर्षांचा मुलगा.