चिनी वर्षप्राण्यांचे झिप्पो लायटर

वाऱ्यात न विझणाऱ्या झिप्पो या अमेरिकी लायटरच्या, चिनी पंचांगातील वर्षप्राण्याचे चित्र असलेल्या आवृत्त्या. त्या मुख्यतः संग्राहकांसाठी आणि नववर्षाच्या भेटीसाठी काढल्या जातात.

जॉर्ज ब्लेसडेल यांनी १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथे कंपनी स्थापन केली. एका ऑस्ट्रियन लायटरची रचना सुटसुटीत करून त्यांनी १९३३ मध्ये १.९५ डॉलरला पहिले लायटर विकले. तेव्हापासून यंत्रणा फारशी बदललेली नाही. पितळी डबीत आतला भाग बसतो. त्यात इंधन शोषणारे कापसासारखे बोळे, वात, चकमकीचा खडा आणि तो घासणारे दातेरी चाक असते. वातीभोवतीच्या भोकाभोकांच्या पत्र्याला धुराडे म्हणतात. भोकांतून ज्योतीपुरती हवा आत येते, पण वाऱ्याचा झोत अडतो. ज्योत विझवायची तर झाकणच मिटावे लागते.

उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर हा प्राण्यांचा क्रम. त्याला पाच तत्त्वांची जोड मिळून, आपल्या संवत्सरांप्रमाणेच, साठ वर्षांचे आवर्तन होते. २०२४ हे काष्ठ-ड्रॅगनचे वर्ष, २०२५ काष्ठ-सापाचे, २०२६ अग्नि-घोड्याचे. चित्रे कोरून, छापून किंवा मीना भरून काढतात. लाल आणि सोनेरी रंगांना पसंती असते. ड्रॅगन या वस्तूवर आपसूक शोभतो. चित्रकाराचा खरा कस लागतो तो ससा आणि डुक्कर यांच्यात.

भेट देणाऱ्याने जन्मतारीख मात्र नीट पाहावी. चांद्र नववर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू होते. २००० हे ड्रॅगनचे वर्ष खरे, पण ते ५ फेब्रुवारीला लागले. त्या जानेवारीत जन्मलेल्याचा प्राणी ससा.

तळावरील शिक्क्यात निर्मितीचा महिना आणि वर्ष असते. १९८६ ते २००० या काळात वर्ष रोमन आकड्यांत होते, १९८६ साठी दोन, २००० साठी सोळा. २००१ पासून वर्षाचे शेवटचे दोन अंक येतात. महिन्यासाठी जानेवारीपासून ए ते एल ही अक्षरे. नववर्षापूर्वी बाजारात आणायचा लायटर आधीच्या वर्षीच तयार होत असल्याने चित्रातला प्राणी आणि शिक्क्यातले वर्ष जुळले नाही, तरी तेवढ्यावरून तो नकली ठरत नाही. आतल्या भागावरही सांकेतिक शिक्का असतो. तो डबीच्या तारखेपासून बराच दूरचा असेल, तर आतला भाग बदललेला असण्याची शक्यता अधिक. दुरुस्ती आयुष्यभर मोफत असल्याने असे बदल सर्रास होतात. हमी यंत्रणेपुरती आहे. मुलामा झिजला किंवा चित्राला ओरखडे पडले तर ती लागू नाही. त्यामुळे बरेच संग्राहक हे लायटर पेटवत नाहीत, मूळ खोक्यातच ठेवतात. नवा लायटर कारखान्यातून इंधनाविनाच येतो, म्हणून ते सहज जमतेही.