एकाच नावाचे दोन क्लास: जावातल्या हॉट रिलोडची पार्श्वभूमी

हॉट रिलोड म्हणजे बदललेला कोड चालू ॲपमध्ये आणणं. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये डेव्हटूल्स या त्याच्याच मदतनीस लायब्ररीची डिपेंडन्सी टाकायची, कोड बदलून बिल्ड मारायचं, की काही सेकंदांत ॲप पुन्हा उभं राहतं. सगळं छान चाललेलं असतं आणि मग एके दिवशी लॉगमध्ये क्लासकास्ट एक्सेप्शन येतं: ‘इनव्हॉइस’ क्लासचा ऑब्जेक्ट ‘इनव्हॉइस’ म्हणून वापरता, म्हणजे कास्ट करता, येत नाही. नाव तेच, पॅकेज तेच, अक्षराचाही फरक नाही. पहिल्यांदा ही ओळ वाचणारा माणूस आपलेच डोळे तपासतो. पण जेव्हीएम, म्हणजे जावाचा कोड चालवणारी यंत्रणा, खरं तेच सांगत असते, आणि त्याचं मूळ जावाच्या पहिल्या काही वर्षांत आहे.

1996 मध्ये जावा 1.0 आली तेव्हाच तिच्यात क्लासलोडर, म्हणजे क्लास मेमरीत आणणारे भाग, होते. ॲपलेटचे (वेबपानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) क्लास नेटवर्कवरून उतरवून ब्राउझरमध्ये चालवायचे, तर हवा तेव्हा क्लास मेमरीत आणण्याची सोय लागणारच. पण या मोकळीकीत एक भोक राहून गेलं होतं. 1997 मध्ये विजय सारस्वत यांनी ते दाखवून दिलं: दोन लोडरांनी एकाच नावाचे दोन वेगळे क्लास आणले, तर टाइपची तपासणी चकवता येते. पुढच्याच वर्षी शेंग लियांग आणि गिलाद ब्राखा यांनी त्यावरचा उपाय मांडला. तेव्हापासूनचा पक्का नियम असा, की क्लासची ओळख त्याचं नाव आणि तो आणणारा लोडर या जोडीने ठरते आणि लोडर बदलला की क्लास परका. एकदा आणलेला क्लास तोच लोडर पुन्हा नव्याने आणत नाही.

कोड बदलायचा तर सरळ वाट एकच उरली: जुना लोडर सोडून द्यायचा आणि नवा उभा करायचा. टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये वेब ॲप रिलोड होतं ते असंच. मात्र जुना लोडर मेमरीतून जायला त्याच्याकडे बोट दाखवणारं कोणीही उरता कामा नये. एखादा न थांबवलेला थ्रेड किंवा ड्रायव्हर मॅनेजरकडे नोंदवून विसरलेला डेटाबेस ड्रायव्हर पुरे, की त्या लोडरचे सगळेच क्लास अडकून राहतात. पाच-सात वेळा रिडिप्लॉय केल्यावर ‘पर्मजेन स्पेस’ची (क्लासची माहिती ठेवायच्या मेमरीची) एरर येऊन सर्व्हर बसायचा, तो यामुळे. 2014 च्या जावा 8 मध्ये पर्मजेन गेलं आणि मेटास्पेस आलं; पण गळती आपल्या कोडमध्ये असेल तर ती तिथेही होतेच.

दुसरी वाट 2002 च्या जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) 1.4 मध्ये उघडली. सन लॅब्जमध्ये मिखाईल दिमित्रिएव्ह यांनी केलेल्या कामातून हॉटस्वॅप आलं. डिबगर (चालता कोड थांबवून तपासायचं साधन) लावलेला असताना मेथडच्या आतल्या ओळी बदला, लोडर तोच, ऑब्जेक्ट तेच, पुढचा कॉल नव्या कोडला जातो. मला आजही हे थक्क करणारं वाटतं. पण त्याच उत्साहात एखादी नवी मेथड जोडली, की आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) तोंडावर सांगते: ‘ॲड मेथड नॉट इम्प्लिमेंटेड’. फील्ड जोडलं तरी नकारच.

या नकाराला कारण आहे. हीपमधल्या, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीतल्या, प्रत्येक ऑब्जेक्टचा आकार त्याच्या फील्डवरून आधीच ठरलेला असतो. फील्ड वाढवायचं म्हणजे जिवंत असलेला एकेक ऑब्जेक्ट शोधून मोठा करायचा आणि त्याच्याकडे येणारे सगळे पत्ते दुरुस्त करायचे. ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठात थॉमस व्युर्थिंगर यांनी नेमकं हेच करून दाखवलं. त्यांच्या डीसीईव्हीएम या सुधारलेल्या जेव्हीएममध्ये गार्बेज कलेक्टरच (नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणारा भाग) हीपमधून फिरताना ऑब्जेक्टना नवा आकार देतो. त्याआधीच, 2007 मध्ये, एस्टोनियातून जावारेबेल आलं होतं, म्हणजे आजचं जेआरेबेल. त्याने जेव्हीएमला हात न लावता बाइटकोडमध्येच (कंपाइल झालेल्या कोडमध्येच) मधला दुवा घातला. ते विकत घ्यावं लागतं. डीसीईव्हीएमचं काम आता जेटब्रेन्स रनटाइम या जेटब्रेन्सच्या जेव्हीएममध्ये आहे; तिथे ‘अलाऊ एन्हान्स्ड क्लास रिडिफिनिशन’ हा पर्याय चालू करावा लागतो. ओपनजेडीके ही जावाची नेहमीची खुली आवृत्ती मात्र अजून 2002 च्याच मर्यादेवर आहे.

नोव्हेंबर 2015 मध्ये स्प्रिंग बूट 1.3 बरोबर आलेलं डेव्हटूल्स पुन्हा पहिल्या, म्हणजे नवा लोडर उभा करण्याच्या, वाटेवर गेलं, आणि माझ्या मते रोजच्या कामासाठी तो निर्णय शहाणपणाचा होता. त्यात लोडर दोन: न बदलणाऱ्या जार (लायब्ररींच्या फाइल) एका लोडरकडे, आपला कोड दुसऱ्याकडे. बदल झाला की दुसराच फेकला जातो, म्हणून रिस्टार्ट झटपट होतो. त्याची नजर क्लासपाथवर (कंपाइल झालेले क्लास असतात तिथे) असते, सोर्स फाइलवर नसते. एक्लिप्समध्ये सेव्ह केलं की कंपाइल होतं, म्हणून तिथे तेवढं पुरतं. इंटेलिजेमध्ये बिल्ड मारावं लागतं. ‘माझं रिलोडच होत नाही’ या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं.

आता तो ‘इनव्हॉइस’. कॅशेतून किंवा फाइलमधून ऑब्जेक्ट परत उभा करणारी लायब्ररी पहिल्या लोडरकडे असते. ती ‘इनव्हॉइस’ त्या पहिल्याच लोडरकडून आणते, तर आपला कोड दुसऱ्या लोडरचा ‘इनव्हॉइस’ मागतो. ती जार दुसऱ्या लोडरकडे ओढली की दोघांचा क्लास एक होतो. त्यासाठी मेटा-इन्फ फोल्डरमध्ये डेव्हटूल्सची प्रॉपर्टीज फाइल बनवायची आणि ‘रिस्टार्ट डॉट इन्क्लूड’ने सुरू होणाऱ्या एका ओळीत त्या जारच्या नावाचा पॅटर्न द्यायचा.