ठाणे ते कुर्ला लांबीचं जहाज

पडद्यावरच्या अवकाशयानांची मापं ताडून पाहणाऱ्या आम्हा चाहत्यांची ठाण्यात नौपाड्याला रविवारी बैठक असते. तिथे गेल्या महिन्यात एका नव्या मुलीनं विचारलं, "जे जहाज मुळात नाहीच, त्याची लांबी चुकेल कशी?" तिच्यासमोर दोन पुस्तकं उघडी होती. दोन्ही अधिकृत, आणि एकाच अवकाशयानाची मापं दोन्हींत वेगळी. आम्ही चौघं एकदम बोलायला लागलो, चहा निवला आणि तिला धड उत्तर काही मिळालं नाही. म्हणून हे टिपण.

काल्पनिक जहाजांचे आकडे द्यायची खोड जुनी आहे. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो पाहुण्याला नॉटिलसची मापं सांगतो, ती लांबी ७० मीटर, रुंदी ८ मीटर अशी सुरू होऊन क्षेत्रफळाच्या दशांशस्थळांपर्यंत जातात. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठीत वाचलेल्या पिढीला हा निमो आपल्या बुंदेलखंडचा, हेही ठाऊक असतं. पुढे १८९८ साली फ्रेड जेननं जगभरच्या युद्धनौकांची सचित्र सूची काढली. आकृती, वजन, तोफा, वेग हा जो साचा आज अवकाशयानांच्या पुस्तकांत दिसतो, तो तिथला. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी याच जेननं शुक्रावर पाच सेकंदांत पोचण्याची कादंबरी लिहिली होती. पण त्याच्या सूचीतली नौका कुठल्यातरी बंदरात उभी असायची. शंका आली तर जाऊन मोजता यायची.

अवकाशयानाची शंका आली तर जायचं कुठे? इथे साक्षीदार तीन: चित्रीकरणासाठी बनवलेलं मॉडेल, आतला सेट आणि पात्रांच्या तोंडचे संवाद. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, कारण तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या घाईत केलेले असतात.

'स्टार ट्रेक' ही अवकाशप्रवासाची टीव्ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. मालिकेचा कलादिग्दर्शक मॅट जेफ्रीजनं आखलेल्या 'एंटरप्राइझ' या तिच्यातल्या मुख्य जहाजाची लांबी १९६८ च्या एका पुस्तकात ९४७ फूट छापली गेली, माणसं ४३०. म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा लांब आणि पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा जरा आखूड. पण आधी केलेल्या चाचणी भागात माणसं होती २०३. तिच्यातली छोटी फेरी-होडी 'गॅलिलिओ' संवादात २४ फुटांची आहे. बाहेरून दिसणारा सांगाडा त्याहून लहान बांधलेला, आणि आत मात्र सगळे ताठ उभे राहतात. मूळ मॉडेल सुमारे ११ फुटांचं. त्याच्या डाव्या बाजूनं दिव्यांच्या वायरी आत गेलेल्या, म्हणून त्या बाजूवर बारकावे केलेच नव्हते. कॅमेरा उजवीकडेच राहायचा.

आपल्याकडे अशा भानगडीला नाव आहे: पाठभेद. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून महाभारताच्या पोथ्या ताडून पाहत होते; ती चिकित्सक आवृत्ती २२ सप्टेंबर १९६६ ला प्रकाशित झाली, म्हणजे 'एंटरप्राइझ' पडद्यावर आल्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी. दोन्हींचा संबंध अर्थातच शून्य. पण आमच्या वादात काय चालतं ते मला या उदाहरणानंच नीट कळलं. कुठली पोथी जुनी, कुठली विश्वासार्ह, लेखनिकानं कुठे 'सुधारणा' केली, हेच प्रश्न आम्ही टीव्ही मालिकेला विचारत असतो.

या क्षेत्रातला पहिला मोठा संपादक म्हणजे फ्रान्झ जोसेफ. सॅन दिएगोतला विमान-उद्योगातला माणूस. मुलगी आणि तिचे मित्र मालिकेचे वेडे. त्यांनी हातानं बनवलेल्या वस्तू पाहून त्याला वाटलं, हे नीट आखायला हवं. १९७५ मध्ये त्याचे 'एंटरप्राइझ'चे १२ नकाशे आणि तांत्रिक पुस्तिका बाजारात आली, आणि पुस्तिका थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिली गेली. मालिकेत एक पात्र जहाजावरच्या बोलिंग अॅलीचा उल्लेख करतं. जोसेफनं तेवढ्या एका वाक्यासाठी नकाशात बोलिंग अॅली काढली. काहींना हा अतिरेक वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, साक्ष आहे तर ती गाळायची कशी?

त्याची खरी अडचण झाली कप्तान जिथे बसून जहाज चालवतो त्या कक्षात. मॉडेलवर लिफ्टची नळी कक्षाच्या बरोबर मागे आहे. सेटवर मात्र लिफ्टचं दार कप्तानाच्या पाठीमागे तिरकं. दोन्ही खरं धरायचं तर कक्षच फिरवावा लागतो. जोसेफनं तो ३६ अंश फिरवला. म्हणजे जहाज पुढे चाललंय आणि कप्तान कोपऱ्याकडे तोंड करून बसलाय! यावर आजही दोन तट आहेत. 'सेट प्रमाण' म्हणणारे जोसेफला पाठिंबा देतात, बाकीचे म्हणतात की नळी लिफ्टची आहे हे सांगितलं कुणी. आमच्या बैठकीत नेरूळहून येणारे एक निवृत्त ड्राफ्ट्समन काका दुसऱ्या तटाचे. तीस अंशांच्या वर काही फिरवायचं असेल तर आधी क्लायंटची सही घ्या, असं त्यांचं म्हणणं.

पुढे तर आणखी मजा झाली. जोसेफनं स्वतःच्या कल्पनेनं काही जहाजं आणि त्यांचे क्रमांक यादीत घातले होते. १९७९ च्या चित्रपटात पार्श्वभूमीला ऐकू येणाऱ्या संदेशांमध्ये त्यातलीच नावं आली. प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसडलेला मजकूर, मूळ संहितेत शिरला. नंतर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी निर्माता जीन रॉडेनबेरीनं ही पुस्तिका अधिकृत धरायचीच नाही असं ठरवलं, तेव्हा पुस्तक बाद झालं तरी पडद्यावरची नावं राहिली.

१९९१ मध्ये रिक स्टर्नबाख आणि मायकल ओकुडा यांनी 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेची पुस्तिका काढली. हे दोघे मालिकेतच कामाला. आधी लेखकांसाठी काढलेल्या टिपणांतून ते पुस्तक झालं, त्यामुळे ते जास्त नेटकं आहे. प्रकाशाहून जास्त वेगाचं, म्हणजे 'वॉर्प'चं, कोष्टकही त्यांनी नव्यानं बांधलं, ज्यात दहा हा आकडा गाठताच येत नाही. १९९४ मध्ये त्याच मालिकेच्या शेवटच्या भागात जहाज 'वॉर्प' तेराच्या वेगानं जातं. असो.

आता शीर्षकातलं जहाज. ते 'स्टार वॉर्स' चित्रपटांतलं: 'एक्झिक्युटर', खलनायक डार्थ व्हेडरचं. सुरुवातीच्या संदर्भपुस्तकांनी त्याची लांबी ८ किलोमीटर सांगितली. साधी 'स्टार डिस्ट्रॉयर' १.६ किलोमीटर, म्हणजे ठाण्याहून निघून मुलुंडलाही न पोचणारी. चाहत्यांनी त्रैराशिक मांडलं. दोन्ही जहाजांच्या माथ्यावरचा मनोरा एकाच आकाराचा आहे, तर फ्रेम थांबवून मनोऱ्याच्या पट्टीनं अख्खं जहाज मोजा. उत्तर आलं छोट्या जहाजाच्या अकरा पट, १७.६ किलोमीटर. पुस्तकवाले ८ वर अडले, मग मधला मार्ग म्हणून १२.८ झाले, आणि शेवटी अधिकृत आकडा १९ किलोमीटर छापला गेला. रेल्वेच्या हिशेबानं सांगायचं तर कांजूरमार्गाच्या आसपास संपणारं जहाज आधी विक्रोळीच्या पुढे सरकलं आणि मग कुर्ल्याला जाऊन टेकलं. हा युक्तिवाद चिकाटीनं लावून धरणाऱ्यांतला कर्टिस सॅक्स्टन हा खगोलभौतिकीतला माणूस. पुढे २००२ आणि २००५ मध्ये जहाजांचे उभे छेद दाखवणारी अधिकृत पुस्तकं लिहायला त्यालाच बोलावलं. मग त्याच्या आकड्यांवर इतर चाहते तुटून पडले, ते वेगळं.

या त्रैराशिकात चुकायला जागा पुष्कळ. भिंगामुळे कडा ताणल्या जातात, जवळची वस्तू मोठी दिसते, आणि जुना चौकोनी भाग रुंद टीव्हीवर ताणून लावला तर सगळंच बिघडतं. आमच्यातल्या एकानं तशी तीन महिन्यांची मोजणी वाया घालवली आहे. तो मीच.

मॉडेल हा साक्षीदारही तसाच राहत नाही. 'एंटरप्राइझ'चं मूळ मॉडेल १९७४ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या डागडुजीत त्यावरच्या रेघा फार ठळक रंगवल्या, अशी चाहत्यांची तक्रार होती. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी संग्रहालयानंच लोकांना आवाहन केलं, की १९७६ च्या आधीचे या मॉडेलचे फोटो कुणाकडे असतील तर द्या. २०१६ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. डावी बाजू अजूनही कोरी आहे.

येत्या रविवारी टेबलावर 'स्टार ट्रेक'मधलंच आणखी एक जहाज, 'डिफायंट' आहे. १९९८ च्या पुस्तिकेत लांबी सुमारे १७० मीटर, पडद्यावरून मोजणाऱ्यांची साधारण १२०. पट्टी प्रत्येकानं आपापली आणावी, आणि काकांसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवायचा आहे.