डॉल्फिनचे कवटीमापन

डॉल्फिनचे कवटीमापन : कवटीची ठरावीक मापे, त्यांची गुणोत्तरे आणि दातांची संख्या यांवरून डॉल्फिनची जाती ओळखण्याची पद्धत. किनाऱ्याला लागलेले जनावर कुजले की रंग, पाठीवरचा पर, कातडीवरचे पट्टे सगळे जाते. कवटी मात्र टिकते.

कोल्हापूरला समुद्र नाही. पण करूळ घाट उतरला की सिंधुदुर्ग आणि आंबा घाट उतरला की रत्नागिरी. शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) प्राणिशास्त्र शिकणाऱ्याला सर्वांत जवळचा समुद्र तोच. त्या किनाऱ्याजवळ वावरणारा डॉल्फिन म्हणजे प्रामुख्याने हिंदी महासागरी कुबड्या डॉल्फिन (सूसा प्लंबिया). त्याच पाण्यात बिनपराचा पॉर्पॉइज (डॉल्फिनचा चोच नसलेला नातलग) असतो, आणि जरा खोल पाण्यात बाटलीनाक्या, स्पिनर व लांबचोच्या सामान्य डॉल्फिन. कवटीमापनाचा खरा कस या शेवटच्या तिघांत लागतो.

हत्यारे साधी आहेत : मोठ्या जबड्यांचा ६०० मिलिमीटरचा व्हर्नियर, आउटसाइड कॅलिपर आणि पोलादी पट्टी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर उभे राहणाऱ्या कारागिराला यातले काहीच नवे नाही. खिशात मावणारा १५ सेंटीमीटरचा व्हर्नियर इथे तोकडा पडतो.

पहिले माप कवटीच्या एकूण लांबीचे. ते चोचीच्या टोकापासून कवटी मणक्याशी सांधणाऱ्या मागच्या दोन गोल उंचवट्यांपर्यंत घेतात. दुसरे माप चोचीचे, आणि नवखा माणूस चुकतो तो इथे. चोच जिथे रुंदावून कपाळाला मिळते तिथे, डोळ्यांच्या खोबणीपुढे, दोन्ही बाजूंना एकेक खाच असते. या दोन खाचांच्या तळांवरून आडवा दोरा ताणायचा. चोचीचे टोक ते तो दोरा ही चोचीची लांबी. दोरा न ताणता नजरेने मापले की दर वेळी वेगळा आकडा येतो. त्यानंतर चोचीची बुडाशी व मध्यावर रुंदी, गालाच्या हाडांवरची रुंदी, दातांच्या ओळीची लांबी, खालच्या जबड्याची लांबी आणि त्याचे दोन भाग पुढे जुळतात त्या सांध्याची लांबी. प्रत्येक माप तीनदा घेतलेले बरे. कवटी डावीकडे वाकडी दिसली तर ती दबली असे समजू नये. श्वासाच्या वाटेभोवतीची हाडे या प्राण्यांत जन्मतःच डावीकडे सरकलेली असतात.

नुसती लांबी फसवते, कारण पिल्लाची कवटी लहान असणारच. म्हणून आधी वय पाहतात. चोचीच्या पुढच्या भागात वरच्या जबड्याची दोन हाडे, म्हणजे प्रिमॅक्सिला आणि मॅक्सिला, एकमेकांत सांधली गेली असतील तर कवटी प्रौढ धरतात. त्यांच्यामधली फट नखाला लागत असेल, तर ती कवटी प्रौढांच्या तक्त्यात बसवू नये.

मग गुणोत्तर. समजा चोच ३४० मिलिमीटर आणि गालाच्या हाडांवरची रुंदी १८० मिलिमीटर. भागाकार सुमारे १.८९. सामान्य डॉल्फिनच्या आखूड चोचीच्या रूपात हा आकडा साधारण १.५ च्या खाली राहतो आणि लांब चोचीच्या रूपात त्याच्या वर जातो. हिंदी महासागरातले रूप तर अतिशय लांबचोचे. पण स्पिनरची चोचही लांबच. तेव्हा कवटी उलटी करून टाळूवर बोट फिरवावे. दातांच्या ओळींच्या आतल्या बाजूने दोन खोल पन्हळी लागल्या तर तो सामान्य डॉल्फिन. स्पिनरचा टाळू तितका खोदलेला नसतो. माझ्या मते या साऱ्या पद्धतीतली सर्वांत भरवशाची खूण हीच, आणि तिला कॅलिपर लागत नाही.

वाळूत पडलेल्या कवटीचे दात बहुधा गळलेले असतात. तेव्हा खळगे मोजायचे, चारही ओळींचे वेगवेगळे. बाटलीनाक्याच्या एका ओळीत जाडजूड दात पंचविसाच्या आसपास, कुबड्याच्या वरच्या ओळीत साधारण ३३ ते ३९, स्पिनर आणि सामान्य डॉल्फिनमध्ये त्याहून पुष्कळ अधिक व बारीक. पॉर्पॉइजचे दात सुळ्यांसारखे नसून फावड्यासारखे चपटे असतात, त्यामुळे तिथे मोजण्याचीही गरज पडत नाही. रिसोच्या डॉल्फिनच्या वरच्या जबड्यात सहसा दातच नसतात.

मापांचा शब्द शेवटचा नसतो. १९९४ मध्ये मुख्यतः कवटी व रंगावरून सामान्य डॉल्फिनच्या दोन जाती मानल्या गेल्या. पुढे जनुकीय अभ्यासातून दिसले, की लांब चोच वेगवेगळ्या समुद्रांत स्वतंत्रपणे घडली आहे, आणि दोन्ही पुन्हा एका जातीत आल्या. उलट गंगा आणि सिंधू नद्यांतले डॉल्फिन बराच काळ एकाच जातीचे मानले जात. २०२१ मध्ये कवट्या आणि डीएनए दोन्हींनी एकच साक्ष दिली व ते वेगळे झाले. म्हणून आज मापांसोबत दाताचा किंवा हाडाचा तुकडा डीएनए तपासणीसाठी राखून ठेवतात.

भारतीय सागरी डॉल्फिनना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावर सापडलेली कवटी परस्पर उचलून घरी किंवा प्रयोगशाळेत आणता येत नाही. आधी वनखात्याला कळवावे लागते. तोवर जागेवरच शेजारी पट्टी ठेवून वरून, खालून व बाजूने छायाचित्रे घ्यावीत. खालचे छायाचित्र विसरू नये, टाळूच्या पन्हळी त्यातच दिसतात.