डोंगरपर्यटनाची शिस्त (ठाणे–नवी मुंबई परिसर)

डोंगरात सुटी घालवताना तिथली वस्ती, जनावरे, पाणी आणि वाटा यांना उपद्रव होणार नाही असे वागण्याची रीत. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे आंतरराष्ट्रीय पर्वत वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षी केपटाउनला जबाबदार पर्यटनाचा जाहीरनामा निघाला. २००३ पासून ११ डिसेंबर हा पर्वत दिन मानला जातो. या विषयावरची जागतिक चर्चा बहुधा दूरच्या, बर्फाळ पर्वतांभोवती फिरते. ठाणे-नवी मुंबईकरांचे तसे नाही. त्यांचा डोंगर घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायटीच्या गच्चीतून दिसतो. पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी असतो. त्यामुळे डोंगर चढणे हा फेरफटका वाटतो आणि फेरफटक्याची तयारी कोणी करत नाही. इथल्या शिस्तीत गिर्यारोहणाचे कौशल्य थोडे आणि शेजारधर्म जास्त, ते यामुळेच.

शहराला खेटून असलेले येऊर, पारसिक, बेलापूर आणि खारघरचे डोंगर, कल्याण-अंबरनाथकडचा मलंगगड, शहापूरचा माहुली, मुरबाडचे गोरखगड, सिद्धगड आणि नाणेघाट, माळशेजची वाट असा हा पट्टा आहे. पनवेलपलीकडचे कर्नाळा, कलावंतीण, प्रबळगड, इर्शाळगड आणि माथेरान रायगड जिल्ह्यात असले तरी रविवारी तिथे गर्दी याच शहरांची असते.

वस्ती : येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे ठाण्याकडचे अंग. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौ. किमी. आहे. येऊरमध्ये पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा असे आदिवासी पाडे आहेत. खारघरच्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी आहेत. पर्यटक ज्याला ‘येऊरचा रस्ता’ म्हणतो तो पाड्यांतल्या लोकांचा शाळेचा, बाजाराचा आणि दवाखान्याचा रस्ता असतो. वळणावर आडवी लावलेली गाडी, रात्री अकराला चाललेला ढणढणाट आणि टर्फवरचे (भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानांवरचे) प्रखर दिवे हा त्यांचा रोजचा जाच आहे. ३१ डिसेंबरला येऊरच्या वाटेवर नाकाबंदी लागते ती उगाच नव्हे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मोकळ्यावर बंदी आहे. ती डोंगरातही लागू आहे, हे सांगावे लागते यातच सगळे आले.

जुलैत भाताची लावणी चालू असते. खाचरांचे बांध मातीचे आणि हाताने घातलेले असतात. दहा-पंधरा जणांची रांग त्यावरून गेली की बांध फुटतो आणि अडवलेले पाणी वाहून जाते. शेताच्या कडेने वळसा घालावा, वाट विचारायची तर ‘मावशी’, ‘दादा’ म्हणून विचारावी आणि लावणी करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नयेत. शेंदूर लावलेला दगड दिसला तर तो बहुधा वाघोबा किंवा गावदेवी असते. तिथे चपला काढाव्यात. निदान त्याला टेकून डबा उघडू नये.

याच संदर्भात इर्शाळवाडीचा उल्लेख टाळता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या या ठाकूर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांचा शोध लागला नाही. दुर्घटनेनंतर बघ्यांना आवरण्यासाठी प्रशासनाला तिथे जमावबंदी लावावी लागली. ज्या ढिगाऱ्याखाली माणसे आहेत तो सहलीचा थांबा होऊ शकत नाही.

पाणी : नवी मुंबईच्या नळाला येणारे पाणी मोरबे धरणाचे आणि मोरबे इर्शाळगडाच्या पायथ्याशी आहे. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. ठाणेही भातसाचे पाणी घेते. त्याच शहापुरात उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात. तेव्हा माहुलीला निघालेल्या ठाणेकराने पायथ्याच्या घरात बाटल्या भरून मागण्याआधी जरा थांबावे. पाणी घरून न्यावे, आणि उन्हाळ्यात माणशी तीन लिटरच्या खाली जाऊ नये. गडावरची टाकी कातळात खोदलेली असतात. त्यांत झरा असेलच असे नाही, पुष्कळदा फक्त साठलेला पाऊस असतो. एकाने त्यात पाय धुतले तर मागून येणारे सगळे तेच पितात. शौचाला टाके, ओढा आणि वाट यांपासून लांब जावे, खड्डा करून माती लोटावी, आणि टिश्यू व सॅनिटरी पॅड पिशवीत घालून परत आणावेत.

प्राणी : येऊरच्या जंगलात बिबट्या आहे आणि त्याचे शहराशी असलेले नाते कचऱ्यातून जाते. उरलेली बिर्याणी टाकली की भटकी कुत्री जमतात. कुत्री हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे, म्हणून त्यांच्यामागे तो वस्तीजवळ येतो. खरकटे टाकणारा तोवर घरी झोपलेला असतो, भीती पाड्यातल्या पोरांच्या वाट्याला येते. माकडांना वेफर देणेही तसेच. माकडे रस्त्यावर बसायला शिकतात, गाडीखाली येतात, पिशव्या हिसकावतात आणि मग ‘उपद्रवी’ ठरतात.

आग्या मोहोळाकडे (मोठ्या रानमधमाश्यांच्या पोळ्याकडे) लोक फारच कमी लक्ष देतात. गडांच्या कड्यांना, लेण्यांच्या छतांना ही पोळी लोंबतात. धूर, उग्र अत्तर, फटाके, ड्रोनची घरघर किंवा सहज मारलेला दगड एवढ्याने माशा उठतात आणि शेकडोंनी डसतात. पोळे दिसले की आवाज बंद करून, दमाने लांबून निघून जावे. डिओडरंट घरीच ठेवलेले बरे.

मे अखेर ते जूनचा पहिला पाऊस या काळात मुरबाडच्या सिद्धगड परिसरात आणि घाटमाथ्यावर काजवे बघायला झुंबड उडते. काजव्याचे लुकलुकणे ही नराची मादीला दिलेली साद असते. टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश आणि गाडीचे हेडलाइट यांच्यात ती हरवते. माद्या गवतात, जमिनीलगत असतात आणि अंडी ओल्या मातीत घालतात. ‘जवळून’ व्हिडिओ काढायला गवतात शिरणारा माणूस पुढच्या वर्षीचे काजवे तुडवत असतो. टॉर्च लागलीच तर तिला लाल कागद लावावा, आणि वाटेवरूनच बघावे.

पावसाळा : सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसे मुरवून घेत नाही. वर पठारावर सर आली की खालचा ओढा काही मिनिटांत फुगतो, मग खाली ऊन का पडलेले असेना. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या येऊ लागल्या की क्षणभरही न रेंगाळता बाहेर पडावे. खारघरचा पांडवकडा सुमारे १०७ मी. उंचीवरून कोसळतो, तिथे अनेकांनी जीव गमावले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेशबंदी असतानाही गेलेल्या चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमागच्या धबधब्यावर ओढ्याला पूर येऊन सुमारे साठ जण अडकले. अग्निशमन दलाने आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. अशा वेळी धावून येणारे बचाव गटांचे कार्यकर्ते बहुतेक विनामोबदला, आपली नोकरी-धंदा सोडून येतात. बंदीची पाटी ओलांडून पुढे जाणारा त्यांचाही जीव पणाला लावतो, आणि हा मुद्दा धाडसाच्या गप्पांत कधी येत नाही.

पाऊस संपला की गवत वाळते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत येऊर, पारसिक, खारघर इथे वणवे लागतात. वनखाते त्याआधी जाळरेषा काढते, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवताचे पट्टे आधीच जाळून मोकळे करते. विडीचे एक थोटूक किंवा न विझवलेली चूल ती कामगिरी फुकट घालवते.

पैसा आणि बंदी : काही गडांच्या पायथ्याशी संयुक्त वन व्यवस्थापन समिती किंवा ग्रामपंचायत प्रवेश किंवा उपद्रव शुल्क घेते. त्यावर हुज्जत घालणारे लोक मॉलच्या पार्किंगला त्याहून जास्त पैसे मुकाट्याने देतात. गावात पिठलं-भाकरी खावी, अनोळखी वाटेवर वाटाड्या घ्यावा, ठरलेल्या दरात घासाघीस करू नये. पावसाच्या तोंडावर शेवळं, पावसात टाकळा, कुर्डू, करटुली घेऊन बसलेल्या बायकांकडून भाजी जरूर घ्यावी. शेवळ्यांबरोबर काकड या रानझाडाची फळे मागून घ्यावीत, नाहीतर घसा खाजतो. डोंगरातून स्वतः उपटून आणू नये. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरतो.

नियमनाचे जवळचे उदाहरण माथेरानचे. २००३ मध्ये ते पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले. पर्यटकांच्या गाड्या गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात आणि तरीही गावाचे पोट पर्यटनावरच चालते. बाकी ठिकाणी मात्र पावसाळ्यात सरसकट बंदीचे आदेश निघतात. त्यांनी काही जीव वाचतात हे खरे, पण धबधब्यापासून लांब, सुरक्षित पायथ्याशी मक्याची कणसे भाजणाऱ्या बाईचा हंगामही त्याच आदेशाने बुडतो.