शेपूट वर करून बसलेला चतुर

मार्चात भर दुपारी कुणी शहाणा माणूस वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भातशेतीच्या, बांधावर थांबत नाही. मी थांबलो होतो, मोबाईल घेऊन, एका गुलाबी-जांभळ्या चतुरापायी. दहापासून त्याच्या मागे धावून चाळीसेक फोटो काढले होते. बहुतेकांत नुसती काडी.

शेवटी दमून बसलो, तेव्हा दिसलं की तो फिरून फिरून त्याच काडीवर येतोय. बऱ्याच जातींचे नर पाण्याकाठी अशी एक जागा धरतात, दुसऱ्या नराला हुसकावतात, चिलटं टिपतात आणि परत येतात. तेव्हा चतुराचा पाठलाग करूच नये. काडीवर फोकस लावावा आणि गप्प बसावं. काही चतुरांच्या एकेका डोळ्यात ३०,०००च्या घरात भिंगं असतात. जरा हललात की त्याला कळलंच.

ऊन डोक्यावर आलं आणि त्याने शेपूट उचलायला सुरुवात केली, हळूहळू, टोक पार सूर्याकडे जाईपर्यंत. शीर्षासनच! (शेपूट आपण म्हणतो, खरं ते त्याचं पोट.) काडीखालच्या चिखलावर त्याची सावली पडली होती. आधी चांगली बोटभर लांब. मग आखडत आखडत ठिपक्याएवढी. गंमत त्या सावलीतच आहे. अंग आडवं असलं की ऊन सगळ्या पोटावर बसतं, टोक सूर्याकडे केलं की फार थोड्या भागावर. अंग तापू न देण्याची ही युक्ती. इजिप्तमधल्या दगडी सुळक्यांवरून या बैठकीला ‘ओबेलिस्क’ म्हणतात.

गारव्यात अडचण उलटी. पंखांचे स्नायू तापल्याशिवाय त्याला धड उडता येत नाही, म्हणून पहाटे दवात भिजलेला चतुर निवांत फोटो देतो. मला पहाटे जाग येत नाही, तो भाग वेगळा.

मोबाईल मात्र पंखांना समांतर धरा, नाहीतर एखादाच पंख स्पष्ट येतो. फोटो मोठा केलात तर प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाजवळ, एक गडद ठिपका दिसेल. ती नुसती नक्षी नव्हे, वजन आहे. वेगात तरंगताना पंख फडफडून पिळवटू नये, म्हणून तिथे एवढासा भार लागतो. १९७२ साली नोर्बर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं.

माझ्या फोटोत चारही ठिपके स्वच्छ आलेत. डोळे तेवढे पुसट.