जादूटोणाविरोधी कायदा पूजापाठावर बंदी घालत नाही

‘या कायद्यानं भजन-कीर्तन, नवस, रामटेकची यात्रा सगळं गुन्हा ठरेल,’ ही अफवा नागपूर जिल्ह्यातल्या गावांत अजून फिरते. ती साफ खोटी आहे. डिसेंबर 2013 मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात हा कायदा मंजूर झाला आणि पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यातच स्पष्ट सूट दिली आहे.

मग गुन्हा कशाला म्हटलंय? भूत उतरवतो म्हणून बाईला दोरानं बांधणं, छडीनं मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं. गुप्तधनासाठी नरबळी. एखादीवर करणीचा आळ घेऊन तिला जगणं नकोसं करणं. गावात हे सर्रास ‘आपसातलं भांडण’ म्हणून मिटवलं जातं, याचा संताप येतो. आणि साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं, हाही गुन्हाच!

शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, आणि अजामीनपात्र आहे. त्यामुळे असं काही दिसलं तर थेट पोलीस ठाणं गाठा, पंचांच्या बैठकीची वाट पाहू नका.